जमिनीखालचा साठा : परसबागेतील चिवट तणांची ओळख आणि बंदोबस्त

मराठवाड्यातील परसबागेत उगवणाऱ्या तणांचे दोन वर्ग पडतात आणि दोन्हींना एकच उपाय लागू पडत नाही, ही गोष्ट ध्यानात न घेतल्यामुळे बागेतील पुष्कळशी मेहनत वाया जाते. पहिला वर्ग वर्षायू तणांचा आहे. घोळ, काटेमाठ, कुर्डू, गाजरगवत ही तणे बीपासून उगवतात, फुलतात, बी टाकतात आणि एका हंगामात किंवा फार तर वर्षभरात मरतात. त्यामुळे फुलोरा येण्यापूर्वी ती मुळासकट उपटली की त्या रोपापुरता प्रश्न मिटतो. दुसरा वर्ग बहुवार्षिक तणांचा असून हरळी, लव्हाळा, कुंदा आणि चांदवेल ही त्याची या भागातील ठळक उदाहरणे आहेत. या तणांचे खरे शरीर जमिनीखाली असते. वर दिसणारी पाती किंवा वेल हा त्याचा वारंवार नव्याने फुटणारा भाग असून तो कापला, जाळला, उपटला किंवा गुरांनी खाल्ला तरी खालचे डोळे साठवलेल्या अन्नाच्या बळावर पुन्हा फुटतात.

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत या प्रश्नाला विशेष धार आहे. गोदावरीकाठचे नांदेड आणि बालाघाटच्या पठारावर, मांजरेच्या खोऱ्यात वसलेले लातूर या दोन्ही शहरांभोवतीच्या अनेक नव्या वसाहती पूर्वीच्या शेतजमिनीवर उभ्या राहिल्या, त्यामुळे शेतातील जुनी तणे घराच्या अंगणात आधीपासूनच मुरलेली असतात. बागेला बाहेरून आणलेली काळी माती, शेणखत आणि तळ्यातील गाळ यांच्याबरोबर त्यांची भर पडत राहते. शिवाय एप्रिल २०१६ मध्ये ज्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले, तेथे मोगरा, लिंबू किंवा वांग्याच्या वाफ्याला दिलेले पाणी तणाने पिऊन टाकणे हे साधे नुकसान मानता येत नाही.

चिवटपणाचे कारण

बहुवार्षिक तणांचा बंदोबस्त समजून घ्यायचा तर त्यांच्या भूमिगत भागांची रचना आधी समजावी लागते. हरळीसारख्या गवताच्या मातीखाली पसरलेल्या पांढुरक्या दोऱ्यांना लोक सामान्यतः मुळे म्हणतात. परंतु वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ती भूमिगत खोडे असतात. खऱ्या मुळावर पेरे नसतात, भूमिगत खोडावर मात्र ठरावीक अंतरावर पेरे असतात आणि प्रत्येक पेरावर एक डोळा, म्हणजे नव्या फुटव्याचा अंकुर असतो. त्यामुळे एक-दोन पेरांचा लहानसा तुकडाही ओलाव्यात स्वतंत्र रोप उभे करू शकतो. जमिनीच्या पृष्ठभागावरून सरपटणाऱ्या आणि पेरापेराला मुळे धरणाऱ्या खोडाला धावते खोड म्हणतात. हरळीजवळ ही दोन्ही साधने असतात, म्हणून ती वरून आणि खालून अशी दोन्ही मार्गांनी पसरते.

दुसरी महत्त्वाची बाब डोळ्यांच्या सुप्तावस्थेची आहे. एका अखंड भूमिगत खोडावर किंवा लव्हाळ्याच्या गाठींच्या माळेवर टोकाकडील वाढता डोळा मागच्या डोळ्यांना दाबून ठेवतो, आणि या गुणधर्माला अग्रप्रभुत्व असे नाव आहे. माळ तुटली की हा दाब नाहीसा होतो आणि आतापर्यंत झोपलेले डोळे एकाच वेळी जागे होतात. ओल्या वाफ्यात एकदा वरवर कुदळ मारून सोडून दिले की पंधरा दिवसांनी तण पूर्वीपेक्षा दाट का दिसते, याचे स्पष्टीकरण येथे मिळते. मात्र त्याच घटनेचा उपयोगही करून घेता येतो, कारण जागा झालेला प्रत्येक डोळा साठ्यातील अन्न खर्च करतो आणि तो फुटवा वेळेत काढला तर तो खर्च भरून निघत नाही.

अन्नाच्या या जमाखर्चावरच सगळा उपाय उभा आहे. फुटवा जमिनीवर येईपर्यंत आणि त्याची पहिली काही पाने उघडेपर्यंत अन्न खालून वर जाते. पाने पुरेशी वाढली की प्रवाह उलटतो आणि पानांत तयार झालेले अन्न खाली साठू लागते. फुटवा या उलटण्याच्या वेळेआधी काढला तर साठा घटतो, नंतर काढला तर तोपर्यंत त्याची भरपाई झालेली असते. महिन्या-दीड महिन्यातून एकदा जोरदार खुरपणी करणाऱ्या बागेत तण वर्षानुवर्षे टिकते आणि दर पंधरा दिवसांनी हलक्या हाताने फिरणाऱ्या बागेत ते क्षीण होते, या दोन्ही अनुभवांचे मूळ या उलटत्या प्रवाहात आहे.

ओळख : चार प्रमुख तणे

हरळी हे गवत सर्वांच्या परिचयाचे आहे, कारण गणपतीला वाहिली जाणारी दूर्वा ती हीच. बारीक, राखाडी-हिरवी पाती, पेरापेराला मुळे धरणारी धावती खोडे आणि देठाच्या टोकाला हाताच्या बोटांप्रमाणे एकाच बिंदूतून निघालेली तीन ते सहा बारीक कणसे या खुणांवरून ती ओळखता येते. तिची बहुतांश भूमिगत खोडे वरच्या १५ सेंटीमीटर, म्हणजे सुमारे अर्धा फूट थरात असतात; परंतु उन्हाळ्यात भेगाळणाऱ्या खोल काळ्या मातीत ती याहून बरीच खाली उतरतात. पाण्याचा ताण, गुरांचे तुडवणे आणि कडक ऊन ती सहज सोसते. दाट सावली मात्र तिला सोसत नाही.

लव्हाळा दिसायला गवतासारखा असला तरी तो गवतांच्या कुळातील नाही, आणि त्याला गवत समजण्याची चूक उपायाच्या वेळी महागात पडते. त्याचा फुलोऱ्याचा देठ चिमटीत धरून फिरवला तर तीन कडा हाताला लागतात, पाने चकचकीत गडद हिरवी असून ती तीन ओळींत निघतात आणि फुलोरा तांबूस-तपकिरी असतो. जमिनीखाली प्रत्येक रोपाच्या बुडाशी एक फुगीर भाग असतो आणि त्यापासून निघालेल्या तारेसारख्या कठीण दोऱ्यांवर काळपट, सुगंधी गाठी माळेसारख्या ओवलेल्या असतात. याच गाठी नागरमोथा म्हणून आयुर्वेदात आणि दिवाळीच्या उटण्यात वापरल्या जातात, आणि त्यांतील अन्नाचा साठा रानडुकरांना इतका परिचित आहे की कालिदासाच्या ‘अभिज्ञानशाकुंतला’तही डबक्याकाठची मुस्ता उकरणारी रानडुकरे येतात. लव्हाळ्याला बी फार कमी धरते. त्याचा प्रसार जवळजवळ सर्वस्वी गाठींवर चालतो, आणि एका गाठीपासून तीन महिन्यांत शंभराच्या घरात नव्या गाठी तयार झाल्याची नोंद आहे. ली रॉय होम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये जगातील सर्वांत उपद्रवी तणांचा जो ग्रंथ सिद्ध केला, त्यात ९२ देशांत आणि ५२ पिकांत आढळणाऱ्या लव्हाळ्याला पहिले स्थान दिले असून दुसरे स्थान हरळीचे आहे. या दोन्ही तणांचा एकाच अंगणात शेजार असणे ही मराठवाड्यातील नेहमीची गोष्ट आहे.

कुंदा हे दख्खनच्या भारी काळ्या जमिनीचे खास गवत आहे. ते हरळीपेक्षा उंच आणि राठ असते, त्याचे ठोंब गटागटाने वाढतात आणि त्याची जाड, खवल्यांनी झाकलेली भूमिगत खोडे हरळीच्या खोडांपेक्षा खोल जातात. कोवळेपणी ते गुरांना चारा म्हणून चालते, म्हणून बांधावर त्याला पूर्वापार अभय मिळत आले. परंतु नव्या वसाहतीतील अंगणात एखादा ठोंब राहिला तर तो फरशीच्या सांध्यातून आणि कुंपणाच्या पायातून वर येतो. येथे खुरप्याचा उपयोग होत नाही. पहार आणि टिकावानेच तो खणावा लागतो.

चांदवेल ही या चौघांत दिसायला सर्वांत सोज्ज्वळ आहे. बाणाच्या टोकासारखी पाने आणि पांढरी किंवा फिकट गुलाबी, कर्ण्याच्या आकाराची फुले असलेली ही वेल हिवाळ्यात बहरते आणि शेजारच्या रोपाला विळखे घालत वर चढते. तिची पांढरी, ठिसूळ मुळे अनेक फूट खोल जातात, त्यांच्या तुकड्यांपासून नवी वेल फुटते आणि तिचे कठीण कवचाचे बी जमिनीत वीस वर्षे आणि त्याहून अधिक काळ जिवंत राहू शकते. ती संपूर्ण खणून काढणे सामान्य बागेत शक्य नसते. तिच्यावर साठा आटवण्याचाच मार्ग चालतो.

या चौघांखेरीज केना आणि वेडी बाभूळ यांचाही उल्लेख आवश्यक आहे. केना बीवर येतो, पण त्याच्या रसाळ खोडाचा तुकडा ओल्या मातीवर पडला की पेराशी मुळे धरतो आणि त्याला जमिनीखालीही न उमलणारी फुले येऊन बी धरते. त्यामुळे उपटलेला केना वाफ्यातच टाकणे म्हणजे त्याची लावणी करणे होय. कुंपणालगतची वेडी बाभूळ वरून कितीही छाटली तरी बुंध्यापासून पुन्हा फुटते; तिच्या खोड-मुळाच्या सांध्यावरील डोळ्यांचा पट्टा जमिनीखाली खणून तोडला तरच ती थांबते.

ओळख पटवण्याची खात्रीची रीत एकच आहे. तणाच्या भोवती वीतभर अंतर सोडून एक फूट खोल खणावे, मातीचा गोळा अखंड उचलावा आणि तो पाण्याच्या बादलीत हळूहळू विरघळू द्यावा. जे उरेल त्यात पेरांचे दोरे, गाठींची माळ, खवल्यांची जाड खोडे किंवा ठिसूळ मुळे यांपैकी काय आहे ते पाहिले की तणाचे नाव आणि उपायाची खोली ही दोन्ही एकाच वेळी कळतात.

काळी माती आणि वाफसा

बेसाल्ट खडक झिजून बनलेली येथील काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसून भेगाळते, कारण तिच्यातील चिकणमातीचे कण पाणी आत ओढून घेणारे असतात. या स्वभावामुळे खणण्याची वेळ निवडण्यास फार महत्त्व येते. ओल्या मातीत खणले तर ती अवजाराला चिकटते, भूमिगत खोडे तुटून तिच्यातच अडकतात आणि पायाखाली माती दबून घट्ट होते; पूर्ण वाळलेल्या मातीत टिकाव शिरत नाही आणि तण जमिनीशीच तुटते. या दोन टोकांच्या मधली अवस्था म्हणजे वाफसा. मुठीत दाबलेला मातीचा गोळा आकार धरतो, पण हाताला चिकटत नाही आणि खाली टाकल्यावर फुटतो, तेव्हा वाफसा आला असे समजतात. वाफशावर खणलेल्या मातीतून हरळीचे लांब दोरे अखंड ओढून काढता येतात, आणि तुकडे जितके कमी होतील तितके पुढचे काम हलके होते. याच कारणासाठी फावड्यापेक्षा दातेरी अवजार बरे, कारण फावड्याचे पाते खोडे कापते आणि दाते ती उचलून वर आणतात. फिरत्या पात्यांचे यंत्र ओल्या हरळीत चालवले तर एका खोडाचे शेकडो तुकडे वाफाभर पसरतात.

उन्हाळ्याचे बळ

मराठवाड्याच्या उन्हाळ्याला बागेचा शत्रू मानण्याची सवय आहे; बहुवार्षिक तणांच्या बाबतीत मात्र एप्रिल-मेमधील ४० अंश सेल्सियसच्या वर जाणारे तापमान आणि कोरडी हवा यांच्याइतके स्वस्त आणि खात्रीचे साधन दुसरे नाही. शेतकरी उन्हाळी नांगरट करतात, त्यामागे हाच अनुभव आहे. परसबागेत तिची रीत अशी ठेवता येते की हिवाळी भाजीपाला निघाल्यावर मार्चमध्ये रिकाम्या वाफ्याला एकदा पाणी द्यावे, वाफसा येताच एक फूट खोल खणावे आणि वर आलेली खोडे व गाठी हाताने वेचाव्यात. ढेकळे मात्र फोडू नयेत, कारण उलटलेल्या मोठ्या ढेकळांतून वारा आणि ऊन आतपर्यंत पोहोचते आणि त्यांत अडकलेले दोरे वाळतात. पंधरा दिवसांनी ढेकळे उलथून दुसरी वेचणी करावी आणि रोहिणी नक्षत्र लागेपर्यंत, म्हणजे २५ मेच्या सुमारापर्यंत, तिसरी वेचणी संपवावी. मध्येच वळवाचा पाऊस आला तर वेचायचे राहिलेले तुकडे लगेच मुळे धरतात, म्हणून वेचलेले तण वाफ्याच्या कडेला ढीग करून ठेवणे धोक्याचे ठरते.

लव्हाळ्याच्या गाठी वाळवण्याचा परिणाम निश्चित असतो. मातीपासून सुट्या करून गच्चीवर किंवा फरशीवर पातळ पसरलेल्या गाठी कडक उन्हात आठ-पंधरा दिवसांत आतून कोरड्या होतात आणि उगवण्याची शक्ती गमावतात; उलट पाण्यात बुडवून ठेवल्याने त्या लवकर मरत नाहीत, आणि कच्च्या खतखड्यात टाकल्या तर खताबरोबर पुन्हा बागेत येतात. हरळीचे दोरेही हातात कडकन मोडेपर्यंत वाळवावेत आणि त्यानंतरच ते खतात घालावेत.

मातीला ऊन देण्याची आणखी एक पद्धत १९७६ मध्ये इस्रायलमधील जेकब कातान यांनी मांडली आणि तिला मृदा-सौरतापन म्हणतात. वाफा सपाट करून भरपूर भिजवायचा, त्यावर २५ ते ५० मायक्रॉन जाडीचा पारदर्शक प्लास्टिक कागद ताणून बसवायचा, त्याच्या कडा मातीत गाडायच्या आणि एप्रिल-मेमध्ये चार ते सहा आठवडे तो तसाच ठेवायचा, इतकीच तिची कृती आहे. पारदर्शक कागदातून सूर्यप्रकाश आत जातो आणि उष्णता अडकते, त्यामुळे वरच्या थरातील तणांचे बी आणि हरळीची उथळ खोडे भाजून निघतात. लव्हाळ्याच्या खोल गाठींपर्यंत मात्र ही उष्णता पुरेशी पोहोचत नाही; तेथे ती खणणीला जोड म्हणूनच वापरावी. काळ्या प्लास्टिकचे आच्छादन लव्हाळ्याला अडवील अशीही अपेक्षा ठेवू नये, कारण त्याचे अणकुचीदार कोंब पातळ कागद भेदून वर येतात.

पावसाळ्यातील पाठपुरावा

उन्हाळ्यात कितीही बारकाईने वेचणी केली तरी काही तुकडे आणि गाठी राहतातच, आणि त्यांची खरी परीक्षा मृगाच्या पावसानंतर होते. पहिल्या पावसानंतर लगेच पेरणी किंवा लावणी करण्याची घाई टाळावी. दोन-तीन आठवडे वाफा मोकळा ठेवला की राहिलेले डोळे फुटतात, कोठे काय उरले ते दिसते आणि ते वाफशावर खणून काढता येते. त्यानंतर दर पंधरा ते वीस दिवसांनी प्रत्येक नवा फुटवा काढण्याचा नेम पाळावा लागतो. लव्हाळ्याचे रोप जमिनीवर आल्यावर साधारण तीन-चार आठवड्यांत नव्या गाठी धरू लागते, म्हणून हे अंतर लांबवणे परवडत नाही. हळदीच्या आणि केळीच्या मळ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या नांदेड जिल्ह्यात, विशेषतः अर्धापूरच्या परिसरात, ज्यांनी हळद किंवा केळी लावली आहे त्यांना हे ठाऊक असते, की लावणीनंतरचे पहिले काही महिने, पिकाची पाने जमीन झाकेपर्यंत, तणाला उघडीक मिळते. एकदा सावली दाटली की लव्हाळा आपोआप मागे हटतो.

सावली हे या तणांविरुद्धचे दुसरे मोठे साधन आहे. हरळी आणि लव्हाळा ही दोन्ही तणे प्रखर उन्हात सर्वाधिक वेगाने अन्न बनवणाऱ्या वनस्पतींच्या गटात मोडतात आणि त्याची किंमत म्हणून सावलीत ती दुबळी पडतात. म्हणून एका हंगामापुरता वाफा तणासाठीच राखून त्यात ताग किंवा चवळी दाट पेरावी, ताग फुलावर येण्याच्या सुमारास कापून मातीत गाडावा, आणि अशा रीतीने तणाची उपासमार व जमिनीची सुपीकता ही दोन्ही कामे एकत्र साधावीत. रताळ्याचा वेलही जमीन लवकर झाकतो आणि त्याची काढणी म्हणजे आपोआप होणारी खोल खणणी असते, त्या वेळी उरलेल्या गाठी वेचता येतात.

आच्छादनाची सामग्री या दोन जिल्ह्यांत मुबलक आहे. लातूर सोयाबीनच्या बाजारपेठेसाठी आणि उसासाठी ओळखले जाते, त्यामुळे मळणीनंतरचा सोयाबीनचा भुसा आणि उसाचे पाचट सहज मिळते. खणून वेचलेल्या वाफ्यावर जाड पुठ्ठे एकमेकांवर चढवून अंथरावेत, ते भिजवावेत आणि त्यावर १० ते १५ सेंटीमीटर जाडीचा पाचटाचा थर द्यावा. अशा थरातून वर येणाऱ्या फुटव्याला अन्नाचा मोठा भाग अंधारातच खर्च करावा लागतो, जे वर येतात ते सैल मातीतून सहज उपटता येतात, आणि ओलावा टिकल्यामुळे पाण्याचीही बचत होते. न खणलेल्या हरळीवर नुसते पाचट पसरले तर मात्र ती त्याच ओलाव्यावर पोसली जाते.

झाडांच्या बुडाशी गुंतलेले तण

रिकाम्या वाफ्यात जे शक्य असते ते मोगरा, जास्वंद किंवा लिंबाच्या बुडाशी शक्य नसते, कारण तेथे खोल खणल्यास झाडाचीच मुळे तुटतात. लहान झुडपांच्या बाबतीत मातीसह झुडूप उचलून मुळांतील हरळी सोडवणे आणि स्वच्छ मातीत पुन्हा लावणे हा उपाय पावसाळ्याच्या प्रारंभी करता येतो. मोठ्या झाडाच्या आळ्यात मात्र पात्याने फुटवे जमिनीलगत छाटत राहणे, पुठ्ठा-पाचटाचे आच्छादन देणे आणि आळ्याच्या परिघावर वीतभर रुंद, एक फूट खोल चर काढून बाहेरची हरळी आत येण्याची वाट तोडणे हाच शिस्तीचा मार्ग आहे. शेजारच्या मोकळ्या भूखंडातून हरळी येत असेल तर कुंपणालगत असा चर ठेवावा किंवा शहाबादी फरशीचे तुकडे एक फूट खोल उभे गाडावेत, आणि वरून सरपटत येणारे दोरे दर पंधरवड्याला कापावेत.

रसायनांविषयी

तणनाशकांचा विचार करताना दोन गोष्टी स्पष्ट असाव्यात. ग्लायफोसेट हे पानांतून शोषले जाऊन भूमिगत भागापर्यंत जाणारे, हिरव्या वनस्पतींमध्ये निवड न करणारे रसायन आहे. त्याचा तुषार मोगऱ्यावर किंवा वांग्यावर पडला तर तेही मरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये त्याची गणना ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात केली आणि भारत सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये आदेश काढून त्याचा वापर कीडनियंत्रण व्यावसायिकांमार्फतच करण्याचे बंधन घातले. घरच्या बागेत हाताने फवारण्याचे ते रसायन नाही. लव्हाळ्यासाठी उसात वापरले जाणारे हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल यासारखी निवडक तणनाशकेही ठरावीक पिकांसाठी आणि मात्रांसाठी शिफारस केलेली असतात. विविध झाडे दाटीने असलेल्या परसबागेला ती शिफारस लागू होत नाही.

मीठ, रॉकेल किंवा ॲसिड ओतण्याचे घरगुती उपाय याहून घातक आहेत. मिठातील सोडियम काळ्या मातीच्या कणांना एकमेकांपासून विलग करते, त्यामुळे मातीची रचना मोडते, पाणी मुरेनासे होते आणि जमीन चोपण बनते. तण मरण्यापूर्वी बाग मरते. किडीच्या साहाय्याने तण संपवण्याची आशाही बहुवार्षिक तणांबाबत ठेवता येत नाही. १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम नोंदल्या गेलेल्या गाजरगवतावर १९८० च्या दशकात मेक्सिकन भुंगा सोडण्यात आला आणि तो त्याची पाने खातो. हरळी-लव्हाळ्यासाठी असा कोणताही मदतनीस बागेत सोडता येत नाही.

प्रवेशद्वारे बंद करणे

काढलेले तण परत येऊ नये यासाठी त्याचे मार्ग ओळखणे आवश्यक असते. बाहेरून आणलेली माती किंवा तळ्यातील गाळ वाफ्यात पसरण्यापूर्वी त्याचा एक भाग पिशवीत भरून पाणी द्यावे आणि तीन आठवडे निरीक्षण करावे. कोंब आले तर ती माती आधी उन्हात वाळवून वेचावी. शेणखत पूर्ण कुजलेलेच घ्यावे, कारण हरळीचे बी गुरांच्या पोटातून जिवंत बाहेर येऊ शकते. रोपवाटिकेतील रोप पिशवी फाडून तपासावे आणि मुळांत लव्हाळ्याची गाठ दिसली तर ती सोडवल्याशिवाय ते लावू नये. अवजारे एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात नेताना धुवावीत.

प्रत्येक ठिकाणची हरळी नष्ट करावी, असा या विवेचनाचा अर्थ नाही. शेताच्या बांधावर, नाल्याच्या काठावर आणि उतारावर तिची दाट वीण मुसळधार पावसात माती धरून ठेवते, आणि तेथून ती काढणे हे धूप ओढवून घेणे ठरेल. बागेच्या एका कोपऱ्यात पूजेसाठी दूर्वा हवीच असेल तर ती रुंद कुंडीत वाढवावी, कुंडी फरशीवर ठेवावी आणि तिचे दोरे मातीला टेकू देऊ नयेत. अधिक मार्गदर्शनासाठी परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ, लातूरचे कृषी महाविद्यालय आणि नांदेड जिल्ह्यातील सगरोळीचे कृषी विज्ञान केंद्र जवळ आहेत. तेथे तण दाखवायला नेताना पानांबरोबर खणून काढलेला भूमिगत भागही न्यावा, कारण उपाय त्यावरूनच ठरतो.

बहुवार्षिक तणांचा निकाल एका दिवसाच्या श्रमाने लागत नाही आणि एका फवारणीनेही लागत नाही. एका उन्हाळ्यातील तीन वेचण्या, एका पावसाळ्यातील पंधरवड्याची शिस्त आणि दुसऱ्या वर्षी त्याच क्रमाची पुनरावृत्ती इतके केले तर हरळीचा वाफा साधारणपणे लागवडीयोग्य होतो, लव्हाळ्याला याहून अधिक काळ द्यावा लागतो आणि चांदवेलीला अनेक वर्षे. म्हणून सबंध बाग एकदम हाती घेऊ नये. येत्या मार्चमध्ये जेवढा वाफा दोन वर्षे सांभाळता येईल तेवढाच खणावा, तो पूर्ण स्वच्छ करावा आणि मगच शेजारच्या वाफ्याला हात घालावा.